काळी दोनवर उतरलेला राजा

संगीत नाटकाबद्दल लिहा, असं संपादकांनी कळवलं तेव्हा मी त्यांना सांगून पाहिलं की मी गायक नाही, नट नाही आणि समीक्षक तर नाहीच नाही. नांदुऱ्याच्या स्टेशन रस्त्यावर हार्मोनियम दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला. त्यांचं उत्तर आलं, ‘म्हणूनच लिहा.’ आता लिहितोच आहे, तर मतंही माझीच येणार. ज्यांना ती पटणार नाहीत त्यांनी पुढच्या पानावरची कविता वाचावी.

पेटी दुरुस्तीचं काम बाहेरच्या माणसाला वाटतं तितकं सुरेल नसतं. भजनी मंडळाची पेटी आली की आधी तिच्यातला संसार बाहेर काढावा लागतो. एकदा खामगावकडच्या एका मंडळाची पेटी आली. ‘गुरुवारपासून बोलतच नाही हो,’ अशी तक्रार. उघडली तर भात्यात उंदरीण बाळंत झालेली. मंडळाचे बुवा म्हणाले, ‘पिल्लं मोठी होऊ द्या मास्तर, मंग नेतो.’ तीन आठवडे ती पेटी माझ्या दुकानात तशीच पडून होती. अशा गिऱ्हाइकांवर रागावून चालत नाही.

खरं काम सुराचं. पेटीत पितळेच्या बारीक पट्ट्या असतात, त्यांनाच आम्ही सूर म्हणतो. पट्टी टोकाकडे खरवडली की सूर चढतो, बुडाकडे खरवडली की उतरतो. जास्त खरवडली की पट्टी मरते. हे काम कान आणि बोटं दोघांनी मिळून करायचं असतं आणि घाईत असलेल्या माणसानं ते करूच नये.

नाटकाशी माझा संबंध आला तो ऑर्गनमुळे. एक फिरती नाटक कंपनी आमच्या गावातच मोडली. नट मिळेल त्या गाडीनं पांगले. त्यांचा पायानं भाता मारायचा ऑर्गन फाटक्या कातड्यासकट माझ्याकडे आला आणि मी तो बोलता केला. तेव्हापासून शेगाव असो की मलकापूर, कोणाचंही संगीत नाटक असलं की ऑर्गन आणि त्यामागे मी, असे आम्ही दोघं जात असू. आमच्याकडे कापसाच्या जिनिंगच्या आवारात फळ्यांचं स्टेज बांधायचे. वादकांसाठी पुढे खड्डा वगैरे काही नसायचा. मी उजव्या विंगेत बसायचो. त्यामुळे मी नाटकं पाहिली ती नटांच्या पाठीकडून. पाठीवरून माणूस घाबरलाय की खूश आहे ते मला अजूनही सांगता येतं.

आता थोडं पट्टीबद्दल सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर आहे. गाणारा आपला ‘सा’ ज्या पट्टीवर धरतो ती त्याची पट्टी. पेटीवर बोटांनी दाबायच्या पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या असतात, त्या मोजून आम्ही पांढरी एक, काळी दोन असं म्हणतो. काळी दोनपेक्षा पांढरी चार वरची, आणि तिच्याहून काळी चार आणखी वरची. जुन्या काळी माईक नव्हता. शेवटच्या रांगेतल्या गाडीवानाला ऐकू जायचं तर नटाला उंच पट्टीतच गावं लागे. त्या जमान्यात तयार झालेले गळे म्हणजे काय चीज होती! कानशिलं तापायची ऐकणाऱ्याची.

आमच्या नांदुऱ्याच्या हौशी मंडळात असा एकच गळा होता, अण्णासाहेबांचा. घरची भरपूर शेती, डोक्याला जरीचा फेटा, आवाज पांढरी चारचा. दरवर्षी एका पौराणिक नाटकात ते राजा व्हायचे. ‘अण्णाची पांढरी चार’ ऐकायला लोक खेड्यापाड्यांतून गाड्या जुंपून येत. पद सुरू करण्याआधी ते हात कमरेमागे नेऊन मला खूण करत. तळहात माझ्याकडे असला तर पांढरी, हाताची पाठ असली तर काळी, आणि उघडी बोटं असतील तितकी पट्टी. हा आमचा दोघांचा ठराव. मात्र मी कितीतरी वर्षं एकच खूण पाहिली: तळहात आणि चार बोटं.

त्यांची राणी व्हायचा गोविंदा शिंपी. दिवसा मशीनवर पायजमे शिवणारा हा माणूस लुगडं नेसून उभा राहिला की बायका त्याच्या चालण्याची नक्कल करत. त्याचा आवाज बाईचा नव्हता आणि पुरुषाचाही नव्हता. तो एक निराळाच, पातळ आणि धारदार नाटकी आवाज होता, आणि तोही पांढरी चारवर. त्यामुळे राजा-राणीच्या जोडपदात मला एकच पट्टी धरून बसता यायचं. सगळे पुरुषच असले की ऑर्गनवाल्याची ही सोय असते. नाटकात बाया आल्या आणि ती सोय गेली.

महाराष्ट्र नुकताच झाला होता तेव्हाची ही गोष्ट. शहरांतल्या नाटकांत बायकांनी बायकांची कामं करणं जुनं झालं होतं. आमच्याकडे मात्र गोविंदाच राणी होता. त्या वर्षी तो एका दुपारी दुकानात आला आणि पेटीच्या खोक्यावर बसून राहिला.

‘मास्तर,’ तो म्हणाला, ‘औंदा मले लुगडं नेसाचं नाही.’

‘काऊन बे? तब्येत बरी नाही का?’

‘पोरीचं जमून राह्यलं शेगावले. कापडदुकान हाये त्यायचं. पन सोयऱ्याच्या घरी कोनंतरी सांगतलं का पोरीचा बाप बाई होऊन नाचते. आता तो मानूस म्हनते, बोलनी मंग करू. मंग म्हंजे कवा? पोरगी घरात तोंड लपवून बसली.’

मी म्हटलं, अण्णासाहेबांना सांग. तो म्हणाला, ‘सांगतलं. ते म्हनतात, तुयाशिवाय जोडपद होत नाही गोविंदा. मंडळवाले म्हनतात, दुसरी रानी आन अन् खुशाल घरी बस.’

दुसरी राणी गोविंदानंच शोधून काढली. स्टेशनात नवे मालबाबू बदलून आले होते, त्यांच्या पत्नी सुलभाताई. गाणं रीतसर शिकलेल्या. गोविंदा त्यांच्याकडे ब्लाउजचं माप घ्यायला गेला आणि आतून येणारा आवाज ऐकून माप विसरून परत आला. मालबाबू सज्जन माणूस. ‘तिची इच्छा असेल तर माझी ना नाही, पण हसं व्हायला नको,’ एवढंच म्हणाले. अण्णासाहेबांनी नाइलाजानं मान डोलावली. त्यांनी अट घातली ती अशी: या वर्षी बाईंना उभं करू, जोडपद साधलं नाही तर पुढच्या वर्षीपासून गोविंदाच राणी, आणि मग पुन्हा हा विषय काढायचा नाही.

तालमी सुरू झाल्या आणि जे व्हायचं तेच झालं. बाईंची पट्टी काळी चार. अण्णांची पांढरी चार. ऐकायला हे जवळजवळ वाटतं, पण गळ्याला विचारा. बाई अण्णांच्या पट्टीत उतरल्या की त्यांचे खालचे सूर नुसती हवा व्हायचे. अण्णा बाईंच्या पट्टीत चढायला गेले तर मानेच्या शिरा दोरखंडासारख्या दिसू लागल्या. मग मी उपाय सुचवला. अण्णांनी खाली काळी दोनवर यावं. काळी दोनला ‘सा’ धरला, तर त्याचा मध्यम येतो तो काळी चारवरच. म्हणजे राजाचं कडवं काळी दोनवर, मग मी ऑर्गनवर दोन-चार सुरांचा पूल बांधीन, आणि राणी आपल्या काळी चारवर उभी राहील. दोघंही आपापल्या घरात, आणि पद एकच.

अण्णासाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांचा फेटाच मागितला होता.

‘काळी दोन? मास्तर, तिथे तर भजनीबुवा गातात.’

‘आता माईक आहे अण्णासाहेब. शेवटपर्यंत ऐकू जातं.’

‘ऐकू जाईल हो. पण लोक म्हणतील, अण्णा उतरला.’

त्यांची पन्नाशी उलटली होती. पांढरी चारवरचा त्यांचा वरचा सूर दोन वर्षांपासून फाटायला लागला होता. तो फाटायच्या जागी मी ऑर्गनचा एक जास्तीचा खुंटा ओढून आवाज भरून काढत असे. त्यांना ते कळत होतं की नाही, कोण जाणे. आम्ही कधी बोललो नाही.

इथे माझं मत सांगून टाकतो. मला स्वतःला ती उंच पट्टी अतिशय आवडायची, आजही आवडते. माईक आला आणि नटांनी पोटातून गाणं सोडून ओठांतून गाणं सुरू केलं. पदं निम्म्यावर आली. पूर्वी राजा मरताना तीन पदं म्हणायचा, आता बोलता बोलताच मरतो. पुढे तर काही मंडळी टेपवर संगीत वाजवू लागली. एकदा मलकापुरात वीज गेली तर राणी उघड्या तोंडानं उभी आणि संगीत गायब! मला तेव्हा आनंद झाला, हे कबूल आहे. पण शब्द कळू लागले, हेही तितकंच खरं. जुन्या नटांच्या तानांमध्ये पद कशाबद्दल आहे तेच अर्ध्या लोकांना कळायचं नाही. मी इतकी वर्षं साथ केली, तरी एका पदात राणी रुसली आहे की रडते आहे ते मला माईक आल्यावर समजलं.

गोविंदानं हार मानली नाही. तालीम संपली की सुलभाताईंना आणि मालबाबूंना घेऊन तो माझ्या दुकानात येई. राजाचं कडवं तो स्वतः काळी दोनवर म्हणायचा, मी पूल बांधायचो, आणि बाई काळी चारवर आपलं कडवं घ्यायच्या. इतकं गोड जमायचं की समोरचा पानवाला गिऱ्हाईक सोडून उभा राही. राणीनं मान कुठे वळवायची, पदर कुठे सोडायचा, हेही गोविंदा त्यांना दाखवी. बाई हसून म्हणायच्या, ‘गोविंदराव, बाई असून मला हे सुचलं नसतं.’ मी म्हणायचो, पण अण्णासाहेब खाली येणारच नसतील तर या सरावाचा उपयोग काय? गोविंदा म्हणायचा, ‘असू द्या मास्तर. तयार असू द्या.’

नाटकाचा दिवस आला. खेड्यांतल्या मंडळींना परत जायचं असतं म्हणून आम्ही दिवेलागणीलाच पडदा उघडायचो. जिनिंगचं आवार भरून गेलं होतं, डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष. माईक भाड्यानं आणलेले, रज्जाकभाईंचे. दोन स्टेजवर टांगलेले, एक राणीच्या आसनाजवळ फुलदाणीत लपवलेला. आणि पुरुषांच्या तिसऱ्या रांगेत, काळा कोट नि टोपी घालून गोविंदा बसलेला. शेजारी शेगावचे होणारे व्याही, पांढऱ्या मिशांचे आणि फारसं न बोलणारे. गोविंदानंच त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. ‘मी पुरुषायत बसून नाटक पायतो, हे त्याईच्या डोयानं पाहू द्या,’ असं तो मला म्हणाला होता. इतकी वर्षं स्टेजवर काढलेला हा माणूस त्या दिवशी पहिल्यांदाच समोर बसून नाटक पाहत होता.

दुसऱ्या अंकात जोडपद आलं. अण्णासाहेबांचा हात कमरेमागे गेला. तळहात, चार बोटं. मी पांढरी चार दाबली.

पहिलं कडवं त्यांनी मारून नेलं. वरचा सूर आला, थोडा खरखरीत, पण आला. आणि आमच्या लोकांची रीत अशी की राजाचं कडवं संपलं रे संपलं, की राणीनं तोंड उघडायच्या आत वन्समोअर. तो आला. अण्णांनी ते कडवं पुन्हा घेतलं आणि या वेळी वरच्या सुरावर आवाज सरळ फाटला. मी खुंटा ओढला, तरी लपलं नाही. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी खाली पाहिलं.

मग राणीचं कडवं. वन्समोअरनं थांबून थांबून बाई आधीच थिजल्या होत्या, आणि पट्टी पांढरी चार. पहिल्या ओळीचा खालचा सूर त्यांच्या गळ्यातून आलाच नाही. रज्जाकभाईंनी आवाज वाढवला तर कर्णा शिटी मारायला लागला. मागून कोणी ओरडलं, ‘आवाज!’ दुसरा ओरडला, ‘ऐकू येऊन नाही राह्यलं बाई!’ आणि मग ज्याची मला भीती होती ते आलं: ‘गोविंदाले आना! गोविंदा कुठी हाये?’

दोन-तीन जणांनी ते उचललं. बाईंनी कसंबसं कडवं संपवलं. विंगेतून मला त्यांची पाठ दिसत होती, ती हळूहळू विंगेकडे सरकत होती. अण्णासाहेब दगडासारखे उभे. माझ्या मनात आलं, संपलं. बाई पुन्हा स्टेजवर येणार नाहीत, गोविंदा पुढच्या वर्षी लुगड्यात, आणि पोरीचं लग्न राहिलं शेगावात.

आणि तेव्हा तो आवाज आला.

‘वन्समोअर!’

पुरुषांच्या रांगांतून आला, पण पुरुषाचा नव्हता. पातळ, धारदार, माईक नसताना जिनिंगच्या भिंतीवर जाऊन आपटणारा राणीचा आवाज. सगळ्या आवारानं माना वळवल्या. कोटटोपी घातलेला गोविंदा तिसऱ्या रांगेत उभा होता. पुन्हा त्याच आवाजात तो म्हणाला, ‘रानीले वन्समोअर! पद पयल्यापासून!’

बाहेरच्या वाचकाला यातलं मर्म कळायचं नाही, म्हणून सांगतो. पद चालू असताना पट्टी बदलता येत नाही. राजानं एकदा मागितली ती मागितली. पण वन्समोअर आला आणि पद मुळापासून म्हणायचं ठरलं, तर राजा नव्यानं पट्टी मागू शकतो, आणि त्यात त्याची लाज जात नाही. फसलेल्या कडव्याला वन्समोअर देणारा प्रेक्षक मी त्याआधी पाहिला नव्हता. असं करायचं सुचायला इतकी वर्षं दिव्यांसमोर उभं राहावं लागतं. आणि ज्या माणसापासून तो आवाज लपवायचा होता, तो शेजारच्या खुर्चीवर होता. ओरडायला गोविंदाकडे साधा आवाजही होता. पण त्या साध्या आवाजाला त्या गर्दीत कोणी विचारलं नसतं.

मग बायकांच्या बाजूनं टाळ्या सुरू झाल्या, पुरुषांनी त्या उचलल्या.

अण्णासाहेबांनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. त्यांची पाठ एकदा ताठ झाली आणि मग खांदे सैल पडले. हात कमरेमागे आला. चार बोटं उघडली. मी पांढरी चारवर बोट ठेवलं. आणि माझ्या डोळ्यांदेखत दोन बोटं मिटली, आणि हात सावकाश फिरला. हाताची पाठ, दोन बोटं.

मी काळी दोन दाबली.

राजा खालून गायला. मी त्यांची इतकी वर्षं साथ केली, पण त्या पदातले शब्द त्यांच्या तोंडून स्पष्ट असे त्या दिवशी ऐकले. मग मी पूल बांधला आणि सुलभाताई काळी चारवर आल्या, दुकानात यायच्या तशा, सहज. रज्जाकभाईंनी कर्णा हळू केला. मागचे ओरडणारे गप्प बसले होते. पद संपलं तेव्हा कोणी वन्समोअर दिला नाही. लोकांना ते मोडायचं नव्हतं, असं मला वाटलं.

मध्यंतरात मी धावतच तिसऱ्या रांगेकडे गेलो. गोविंदा टोपी हातात घेऊन बसला होता. व्याही समोर पाहत होते. मी नमस्कार केला तसे ते गोविंदाकडे बोट करून म्हणाले, ‘मास्तर, तो आवाज याईचाच होता ना?’

मी हो म्हटलं.

ते गोविंदाकडे वळले. ‘शिंपीबुवा, म्या आमच्या शेगावले तुमचं काम पायलं होतं. लग्न नव्हतं झालं तवा माहं. रानीच्या पायी तिकिट काढून दुसऱ्या दिवशी अजून गेलो होतो.’ त्यांनी मिशीवरून हात फिरवला. ‘घरी हे सांगू नोका. मांडव कोनाच्या दारी, ते बोला.’

गोविंदानं छातीला हात लावला.

अण्णासाहेबांनी नंतर मला एवढंच सांगितलं, ‘म्हातारपणी चार बोटं उघडत नाहीत मास्तर, संधिवात आहे.’ पुढची सहा वर्षं ते काळी दोनवर राजा झाले आणि सुलभाताई, मालबाबूंची बदली होईपर्यंत, राणी. त्यानंतर गावात बायांना नाटकात घ्यावं की नाही यावर कोणी वाद घातला नाही.

गोविंदानं पुन्हा लुगडं नेसलं नाही. त्याला ते नको होतं आणि मला त्याचं समाधान आहे. पण पोरीच्या लग्नात मी ऑर्गन घेऊन गेलो होतो. सगळे हट्टाला पेटले, एक पद म्हणा म्हणून. त्यानं पंगतीतलं वाढणं थांबवून माझ्याजवळ येऊन पट्ट्यांकडे पाहिलं, काळी दोन सोडली, पांढरी चारवर बोट ठेवलं, सूर ऐकला, आणि हसून मान हलवली. तो परत वाढायला गेला. त्याचा तो आवाज कोणी टेपवर घेतला नाही. आमच्या जिनिंगच्या आवारात तो शेवटचा उमटला, तेव्हा त्यानं पद म्हटलं नव्हतं. दुसरीसाठी वन्समोअर मागितला होता.